आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस: तुमच्याकडे काय झालं? मी काय करू?

कोयनाकाठची:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

मी १४ वर्षं आयटीत आहे, टेस्टिंगमध्ये. मे २०२० मध्ये पुण्याची भाड्याची जागा सोडून आम्ही कऱ्हाडला सासरी आलो. तेव्हा वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. पुढे कंपनीनेच कळवलं की तुमचा प्रोजेक्ट आता घरूनच चालेल. खुर्ची-टेबलासाठी पैसेही दिले. त्या भरवशावर मुलीला इथल्या शाळेत घातलं, नवऱ्याने इथे भावाबरोबर शेतीपंपांचं दुकान वाढवलं. गेल्या दिवाळीनंतर सासऱ्यांना (आम्ही अण्णा म्हणतो) अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. सकाळी साडेदहाला फिजिओथेरपिस्ट येतात. ते गेले की दुपारचा व्यायाम मी घेते. स्पंजचा पिवळा चेंडू त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचा, बोटं एकेक करून मिटवायची, वीस वेळा. माझं जेवण त्याच अर्ध्या तासात होतं. त्या वेळी मी कॉल घेत नाही हे माझ्या टीमला पाठ आहे आणि आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी एचआरची मेल आली. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून पाचही दिवस आपापल्या बेस लोकेशनला, म्हणजे नेमणुकीच्या ऑफिसात (माझं पुणे), हजर राहा. हजेरी कार्डाच्या पंचिंगवरून मोजणार, व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमी-जास्त होणारा भाग, त्यावर ठरणार.

आता माझी टीम बघा. मॅनेजर चेन्नईला, दोघे भुवनेश्वरला, डेव्हलपर कोचीत, क्लाएंट इंग्लंडात. पुण्याच्या इमारतीत माझ्या टीमचं एकही माणूस नाही. म्हणजे मी १६० किलोमीटर जाऊन, खोली भाड्याने घेऊन, अण्णांना आणि पोरीला इथे ठेवून करणार काय, तर हेडफोन घालून याच माणसांशी बोलणार. त्या मेलमध्ये 'एकमेकांच्या सहवासातून शिकणं' असं लिहिलंय. कोणाच्या सहवासातून, ते मला खरंच समजून घ्यायचंय.

तुमच्या कंपन्यांत काय झालं? कोणाला सवलत मिळाली का, कशी? आणि हे कामासाठी आहे की लोकांनी आपणहून जावं म्हणून?

धायरीकर_३०:
ताई, आमच्याकडे हे वर्षापूर्वीच झालं. माझा दिवस सांगतो, म्हणजे 'ऑफिसला या' या दोन शब्दांत काय काय येतं ते कळेल.

धायरी ते हिंजवडी फेज ३. सकाळी ७:१० ला गाडी काढतो. ७:१० म्हणजे ७:१०. ७:३० ला निघालो तर पाऊण तास जास्त लागतो. नवले पूल, वारजे, चांदणी चौक. चांदणी चौक ऑगस्ट २०२३ पासून नव्या पुलांमुळे बराच सुटला, हे मान्य करायला हवं. खरी परीक्षा भूमकर चौकापासून पुढे. शेवटच्या सहा किलोमीटरला कधी वीस मिनिटं, कधी पन्नास. संध्याकाळी पाऊस असेल तर दोन तास ठरलेले. २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी भरलं, त्या संध्याकाळी घरी पोचलो तर मुलगा झोपला होता.

आणि रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल कुठे जात नाही, तो घरूनच. आधी दिवस आणि रात्र मिळून नऊ-साडेनऊ तास व्हायचे. आता प्रवास धरून तेरा होतात. कंपनीच्या हिशेबात यातले साडेतीन तास कुठेच दिसत नाहीत.

निशिगंधा_प:
+१. आमच्याकडेही १ तारखेपासूनच. सगळ्यांनी ठरवून काढल्यासारखे हुकूम आहेत.

डिलिव्हरीवाला:
मी जरा वेगळं बोलणार आहे. माझ्याखाली ६० माणसं आहेत आणि मी लोकांना ऑफिसात बोलावण्याच्या बाजूचा आहे.

२०२१ च्या बॅचची १२ मुलं माझ्याकडे आली. दीड वर्ष मी त्यांना स्क्रीनवरच्या चौकोनातच पाहत होतो, निम्म्यांचे कॅमेरे बंद. त्यातला एक मुलगा एका साध्या कॉन्फिगरेशनच्या चुकीत चार दिवस अडकला आणि विचारलं नाही. का विचारलं नाहीस, तर म्हणाला, "सर, चॅटवर तुमचा ठिपका सतत लाल, म्हणजे 'बिझी' दिसायचा." चार दिवस! शेजारी बसला असता तर खुर्ची वळवून पाच मिनिटांत सुटलं असतं. त्या बॅचला दोन वर्षांत जे यायला हवं होतं ते आलं नाही. दोष त्यांचा नाही, आमचाच.

१४ वर्षं काम केलेल्या माणसाला ऑफिसची गरज नसेल. पण त्या माणसाची गरज ऑफिसला, म्हणजे तिथल्या नव्या पोरांना असते. घरून काम मागताना आपण आपला हिशेब मांडतो, त्यांचा कोण मांडणार?

नवा_भिडू_लातूर:
डिलिव्हरीवाला सरांशी सहमत. मी औसा तालुक्यातला. पहिले आठ महिने घरून केले. गावात दुपारी लाइट जायची, रेंजसाठी गच्चीवर बसायचो, उन्हात स्क्रीन दिसायची नाही म्हणून डोक्यावर चादर. ऑफिसात आलो आणि पहिल्यांदा नीट टेबल मिळालं. आमच्या एक मॅडम आहेत, त्या लॉग (प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी) वाचताना आधी वेळ बघतात, मग एरर. मी उलटं करायचो. हे मला कोणी शिकवलं नाही, मागे उभा राहून बघितलं.

पण एक सांगतो. पाच दिवस यायचं तर पुण्यात राहणं आलं. मारुंजीत तिघांत एक खोली, माझ्या वाट्याला ८ हजार, मेस साडेतीन हजार, जाणं-येणं वेगळं. हातात २४ हजार येतात. घरी पाच पाठवायचो, आता दोन पाठवतो. बोलावतात तर नव्या मुलांना राहण्याचं काहीतरी द्यायला पाहिजे.

आकडेमोड:
धाग्यावर अनुभव येतच आहेत, मी अभ्यासातलं थोडं टाकतो. या विषयावर सगळेच हवेत बोलतात, आणि मला त्याचा राग येतो कारण मोजलेलं हाताशी आहे.

स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी चीनच्या सीट्रिप कंपनीत २०१०-११ मध्ये प्रयोग केला होता. २४९ कॉल सेंटर कर्मचारी, जन्मतारीख सम की विषम यावरून काही घरी, काही ऑफिसात. नऊ महिन्यांत घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणं निम्म्यावर आलं. त्याच कंपनीत २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. १६१२ लोक, यात इंजिनियर आणि मार्केटिंगवालेही. एका गटाला बुधवार-शुक्रवार घरून. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही. नोकरी सोडण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं, आणि ही घट बायका, लांबून येणारे आणि मॅनेजर नसलेले यांच्यात सगळ्यात जास्त.

मला त्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो मॅनेजरांचा. प्रयोगाआधी त्यांचा अंदाज होता की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणाले की १ टक्क्याने वाढते. करून बघितल्यावर मत बदललं.

आणि हुकूम काढून कंपन्यांना काय मिळालं? पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डिंग आणि मा या दोघांनी अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या बड्या कंपन्यांच्या यादीतल्या कंपन्या तपासल्या. नफ्यात किंवा कंपनीच्या बाजारमूल्यात सुधारणा सापडली नाही. कर्मचाऱ्यांचं समाधान मात्र घसरलं. ज्यांच्या शेअरचा भाव आधी पडलेला होता अशा कंपन्या असे हुकूम जास्त काढतात, असंही दिसलं. पुढच्या अभ्यासात सोडून जाणाऱ्यांत बायका, वरिष्ठ आणि कुशल माणसं पुढे होती. म्हणजे डिलिव्हरीवाला ज्यांना नव्या मुलांशेजारी बसवू पाहतायत, नेमके तेच.

चाकणकर:
मी सीएनसी मशीनवर काम करतो. लॉकडाऊन उठला तसे आम्ही कामावर गेलो, मास्क लावून, पास दाखवून. नर्स गेल्या, एसटीचे कंडक्टर गेले, कचरा उचलणारे गेले. आम्हाला कोणी विचारलं नाही घरून जमेल का. इथे सगळे शिकलेले लोक आहेत म्हणून स्पष्ट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. कामावर जाणं ही शिक्षा आहे असं वाचलं की आमच्यासारख्याला लागतं.

धायरीकर_३०:
चाकणकर दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. माझे वडील २८ वर्षं कंपनीत पाळीला गेले, मी ते विसरलेलो नाही. फक्त एक विचारतो. २०२१ मध्ये तुम्हाला चाकणला पोचायला किती वेळ लागायचा?

चाकणकर:
मोशीवरून ३५ मिनिटं. आता सव्वा तास. तुमचा मुद्दा कळला. ज्यांचं काम घरून होतं त्यांनी घरी बसलं तर रस्ता आम्हाला मोकळा मिळतो. खरंय.

सातारा_ते_सिॲटल:
इकडची थोडी माहिती. ॲमेझॉनने मे २०२३ पासून तीन दिवस सांगितले, मग सप्टेंबर २०२४ मध्ये पत्र आलं की २ जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस. काही शहरांत तर बसायला जागाच पुरेशी नव्हती, तारीख पुढे ढकलावी लागली. डेलने २०२४ मध्ये लोकांना विचारलं, घरून करणार की ऑफिसातून? घरून म्हटलं तर बढती नाही, असं सांगून. तरी जवळपास निम्म्या लोकांनी घर निवडलं. बढतीवर पाणी सोडायला माणसं तयार झाली, यावरून काय ते समजा.

माझ्या शेजारी एक मराठी कुटुंब आहे. व्हिसा कंपनीच्या हातात असल्यामुळे त्यांना 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. चार वर्षांच्या मुलीला सकाळी साडेसहाला पाळणाघरात सोडतात. तिची आजी नाशिकहून व्हिडिओ कॉलवर भेटायची ती वेळच आता उरली नाही.

रेडिंगवाली:
इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ किंवा जागा बदलून मागण्याचा हक्क आहे. मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नकार देण्याआधी तुमच्याशी बोलायचं आणि कायद्यात दिलेल्या आठ कारणांपैकी एक दाखवायचं. हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही, हे खरं. पण कारण लिहून द्यावं लागतं म्हटल्यावर समोरचा दोनदा विचार करतो. माझ्या मैत्रिणीला याच रस्त्याने शुक्रवार मिळाला.

एचआरमधली_एक:
नाव न देता लिहिते, कारण मी अशा मेल्स तयार करणाऱ्या टेबलावर बसते.

कोयनाकाठची, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही.

खरी कारणं आधी. बँका, विमा, हॉस्पिटलांचा डेटा अशा कामांत क्लाएंटच्या करारातच बंद खोलीत काम करायची अट असते. मोबाइल बाहेर ठेवायचा, आत कागद-पेनही नाही. हिंजवडीतली बरीच युनिटं सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) येतात. तिथे घरून काम द्यायला वेगळा नियम लागतो. जुलै २०२२ मध्ये नियम ४३अ आला, आधी ५० टक्क्यांची मर्यादा होती, ती डिसेंबरमध्ये सैल झाली. प्रत्येक वेळी कागद रंगवावे लागतात. त्यात २०२२ मध्ये दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्यांचा गाजावाजा झाला, विप्रोने ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून वरच्या लोकांच्या मनात संशय घर करून बसलाय. इमारतींचे भाडेकरार बऱ्याच वर्षांचे असतात, हेही आहे.

आता दुसरी बाजू. माणसं कमी करायची असतील तर काढण्यापेक्षा ती आपणहून गेलेली कंपनीला स्वस्त पडतात. बातमी होत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत. बांबूएचआर नावाच्या कंपनीने २०२४ मध्ये अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा दर चारांतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कबूल केलं की ऑफिसात बोलावल्यावर काहीजण सोडून जातील अशी त्यांना आशा होती. आपल्याकडे हे कोणी लिहून देत नाही, पण मीटिंगमध्ये 'किती गळती धरायची' हा प्रश्न मी ऐकलाय. मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या गळतीच्या तक्त्यात फक्त आकडा असतो. कोण जाणार हे कोणी विचारत नाही. जाते ती तुमच्यासारखी बाई, जिला क्लाएंट नावाने ओळखतो. मग सहा महिन्यांनी त्याच जागेसाठी आम्ही दीडपट पगाराची जाहिरात काढतो.

तुम्ही करायचं ते असं. तोंडी बोलू नका. वैद्यकीय कागद जोडून अर्ज लिहा, मॅनेजरमार्फत द्या, एचआरला प्रत पाठवा. 'घरूनच पाहिजे' असं न लिहिता तुम्ही कोणते दिवस येऊ शकता ते लिहा. २०२० ची ती 'कायम घरून' वाली मेल शोधून जोडा. आणि रागाच्या भरात राजीनामा टाकू नका. एकदा तो सिस्टिममध्ये गेला की तुम्ही स्वेच्छेने गेलात.

चाफा_आणि_चहा:
पाळणाघराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली हे सगळ्यांना माहीत आहे. पण ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यायला पाहिजे, हेही त्यातच आहे. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम ठरवता येतं, तेही.

माझ्या कंपनीतलं पाळणाघर मार्च २०२० मध्ये बंद झालं. आता पाच दिवस या म्हणतात, पण ती खोली अजून स्टोअर रूम आहे. मी दारातून बघितलं. भिंतीवर हत्ती आणि फुगे तसेच आहेत, समोर मॉनिटरचे खोके रचलेत. बोलवायचंच असेल तर आधी ती खोली उघडा ना! आम्ही सातजणींनी मिळून लेखी अर्ज दिलाय. एकटीने दिला असता तर फायलीत गेला असता.

निशिगंधा_प:
चाफा, हत्ती आणि फुगे वाचून गलबलून आलं. अर्जाचा मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

पोळीभाजी_वाकड:
मी आयटीत नाही. माझी आणि सासूबाईंची वाकडला मेस आहे, २०१४ पासून. या धाग्यावर आमच्यासारख्यांचंही कोणी असावं म्हणून लिहिते.

मार्च २०२० मध्ये आमचे १४० डबे होते. रोजची १८ किलो कणीक. आठवड्यात ११ डबे उरले. दोन बायका होत्या मदतीला, त्यांना तीन महिने अर्धा पगार दिला, मग तोही जमला नाही. मोठी पातेली विकली. एक बाई तिच्या गावी गेली ती परत आलीच नाही. त्यामुळे पोरं परत आली, गल्लीत संध्याकाळी आवाज सुरू झाला, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. तुम्ही घरी बसता तेव्हा एक अख्खं गाव उपाशी बसतं, हेही लक्षात असू द्या.

पण मला पाच दिवसच पाहिजेत असं नाही. मला ठरलेलं पाहिजे. आता काय होतं, मंगळ-बुध-गुरू शंभर डबे, सोमवारी चाळीस, शुक्रवारी कधी तीस कधी सत्तर. आदल्या रात्री दहाला मेसेज येतो, "काकू उद्या नको." कणीक भिजवलेली असते, भाजी चिरलेली असते. कंपन्यांनी कोणते दिवस ते एकदा ठरवून वर्षभर पाळले तर आमचंही गणित बसेल.

डिलिव्हरीवाला:
काकू, हा मुद्दा मी आमच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. ठरलेले दिवस. खरं तर टीमलाही तेच लागतं. सगळे वेगवेगळ्या दिवशी आले तर शेजारी बसण्याचा फायदाच राहत नाही.

आकडेमोड:
डिलिव्हरीवाला, नेमकं याच मुद्द्यावर एक अभ्यास आहे. इमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅले या तिघींचा, एका मोठ्या अमेरिकन कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनियरांवर. एकाच इमारतीत बसणाऱ्या टीममध्ये नव्या लोकांना त्यांच्या कोडवर जास्त सूचना मिळतात. म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मी ते मान्य करतो. पण त्याच वेळी शिकवणाऱ्या वरिष्ठांचं स्वतःचं काम कमी होतं, आणि ते कोणी मोजत नाही. शिवाय टीममधलं एक जरी माणूस दुसऱ्या इमारतीत असलं तरी उरलेल्यांचं आपसातलं बोलणंही कमी होतं, कारण सगळंच ऑनलाइन सरकतं.

कोयनाकाठचीच्या टीमला हे लावून बघा. चार शहरांत विखुरलेली टीम. त्यांना पाच दिवस चार इमारतींत बसवून सहवास कुठून येणार? टीम एकत्र बसवायची असेल तर आधी टीम एका शहरात बांधा. ते न करता काढलेला हुकूम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

खराडीतला_एकटा:
मला एक वेगळी गोष्ट सांगायचीय. लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

मी एकटा राहतो. चार वर्षं पूर्ण घरून. पगार चांगला, प्रवास नाही, सगळे म्हणायचे मजा आहे तुझी. गेल्या वर्षी एकदा भाजीवाल्याने काहीतरी विचारलं आणि माझा आवाज फुटेना. घसा खाकरावा लागला. घरी येऊन मोजलं तर अकरा दिवस मी कोणाशी समोरासमोर बोललो नव्हतो. कॉलवर बोलत होतो, पण तेही म्यूट काढून दोन वाक्यं.

आमच्याकडे तीन दिवस सक्तीचे झाले तेव्हा मी एकटाच खूश होतो. आता आम्ही चौघे दुपारी एकत्र डबे उघडतो. एकजण सोलापूरचा आहे, त्याची शेंगाचटणी सगळ्यांच्या पोळीवर जाते. माझं काम वाढलं की कमी झालं, मला माहीत नाही. मी माणसात आलो. त्यामुळे ऑफिस वाईट असं सरसकट म्हणू नका, एवढीच विनंती.

आकडेमोड:
खराडीकर, बरं केलंत लिहिलंत. सीट्रिपच्या पहिल्या प्रयोगानंतर लोकांना परत निवड दिली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी आधीची निवड बदलली. बरेचजण ऑफिसात परतले, आणि एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण होतं. आधी मी हे सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

सातारा_ते_सिॲटल:
खराडीकर, शेंगाचटणीचा उल्लेख केलात, आता इथे पहाटे चारला मी काय करू? :)

बाणेर_बस_स्टॉप:
हिंजवडीची मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली की निम्मे प्रश्न सुटतील. माण ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर, २३ स्टेशनं. डिसेंबर २०१८ ला भूमिपूजन झालं. विद्यापीठ चौकातला जुना पूल २०२० मध्ये पाडला तेव्हापासून आम्ही वाट बघतोय.

धायरीकर_३०:
धायरीच्या माणसाला ती मेट्रो कुठून? आधी शिवाजीनगरला यायचं, मग हिंजवडी. उलटा वळसा पडतो. आमच्यासाठी नवले पुलावरून थेट बस वाढवा.

बाणेर_बस_स्टॉप:
तेही बरोबर. पण बाणेर-औंधच्या गाड्या कमी झाल्या तर भूमकर चौकात तुम्हालाच जागा मिळेल.

रेडिंगवाली:
मंडळी, धागा मेट्रोत बसून निघाला. कोयनाकाठचीचं काय झालं? ताई, अर्ज दिला का?

कोयनाकाठची:
आज १ तारखेला दहा दिवस झाले. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, वाचून दोनदा रडले. सविस्तर सांगते.

एचआरमधली_एक यांनी सांगितलं तसाच अर्ज केला. २०२० ची मेल सापडली. डिस्चार्ज कार्ड, फिजिओचं पत्र जोडलं. आणि 'घरूनच' न म्हणता लिहिलं की दर मंगळवार-बुधवार पुण्यात येईन. मॅनेजरने वर पाठवला. आठव्या दिवशी उत्तर आलं: तीन महिन्यांसाठी मंजूर, नंतर पुन्हा विचार. पण हजेरीच्या टक्केवारीत सूट नाही. दोन दिवस म्हणजे ४० टक्के, तेव्हा या तिमाहीचं व्हेरिएबल गेलं. आमच्यासाठी ती रक्कम म्हणजे अण्णांच्या फिजिओचे जवळपास चार महिने. यावर पुन्हा अर्ज करणार आहे, सोडणार नाही.

परवा पहिला मंगळवार. पहाटे साडेचारची एसटी धरली, स्वारगेटहून पुढे हिंजवडीची बस. पाच वर्षांनी कार्ड लावलं तर दार उघडेना, सिक्युरिटीच्या काकांनी नवीन करून दिलं. दिवसभरात नऊ कॉल झाले आणि त्यातलं एकही माणूस त्या इमारतीत नव्हतं. जे आकडेमोड म्हणाले ते तंतोतंत.

पण डिलिव्हरीवाला, तुमच्यासाठी हेही लिहिते. दुपारी शेजारच्या रांगेतली एक मुलगी आली, दुसऱ्याच प्रोजेक्टची. जॉइन होऊन चार महिने झालेत. तिला एक टेस्ट कधी पास, कधी फेल होत होती आणि कारण सापडत नव्हतं. अर्धा तास तिच्याजवळ बसले. दोन टेस्ट एकच डेटा वापरत होत्या, आधी कोणती चालते त्यावर निकाल बदलत होता. सापडल्यावर तिचा चेहरा असा खुलला! बुधवारी ती तिच्या मैत्रिणीला घेऊन आली. त्या दोघींसाठी मी दोन दिवस आनंदाने येईन. पाच दिवस नाही जमणार, आणि त्यांनाही पाच दिवस माझी गरज नाही.

मंगळवारी अण्णांचा चेंडू लेकीने घेतला. मला फोटो पाठवला, बोटं तीनच मिटली होती पण वीस वेळा पूर्ण केलं म्हणाली.

मंगळवारी रात्री नणंदेकडे राहते, वारज्याला. तिथून सकाळी हिंजवडीला जायचं कसं, हा नवीन प्रश्न आहे. बुधवारी दोन बस बदलून पावणेदोन तास लागले.

एचआरमधली_एक:
तीन महिने मिळाले हे छोटं नाही. दर आठवड्याला काय काम झालं त्याची नोंद ठेवा, त्या दोन मुलींना मदत केली तीसुद्धा. मुदत संपायच्या एक महिना आधी अर्ज टाका, शेवटच्या आठवड्यात नाही. व्हेरिएबलसाठी वेगळा अर्ज करा, एकात दोन मागण्या घातल्या की दोन्ही अडकतात.

पोळीभाजी_वाकड:
मंगळवार-बुधवार तुमचा डबा माझ्याकडे. आदल्या रात्री कळवायची गरज नाही, दिवस ठरलेले आहेत ना.

धायरीकर_३०:
ताई, वारजे माझ्या वाटेवरच आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात. बुधवारी ७:२५ ला वारज्याच्या पुलाखाली, हायवेच्या सर्व्हिस रोडला थांबा. पांढरी वॅगनआर. गाडीचा नंबर व्यनि करतो. ७:२५ म्हणजे ७:२५ हं.